पान उलटलं की माणूस हलला पाहिजे : कोलाजची चित्रवही करायची रीत

कोलाजच्या वह्या बहुतेक एकाच जागी अडतात. पहिली पाचसहा पानं उत्साहात भरतात. मासिकातले डोळे, फुलं, घड्याळं, एखादं ठळक इंग्रजी वाक्य असं सगळं चिकटतं आणि मग वही कपाटात जाते. चित्रं वाईट नसतात, पण एका पानाचं पुढच्या पानाशी काही देणंघेणं नसतं. इथे जी वही करायची आहे तिचा कणा हालचाल हा आहे. ॲनिमेशन म्हटलं की आपल्याला संगणक आठवतो. त्याचा गाभा मात्र एवढाच, की थोडी थोडी बदलत जाणारी चित्रं एकामागून एक डोळ्यांसमोरून जायला हवीत. ते कात्री आणि खळीनेही साधतं.

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या कर्नाटक-महाराष्ट्र सीमेवरच्या पट्ट्यात राहणाऱ्याला यासाठी कच्चा माल शोधत फिरावं लागत नाही. एकाच पाटीवर दोन-दोन लिप्या, बेळगावच्या वडगाव-शहापुरातले माग, निपाणीत विडी वळणारे हात, उन्हाळ्यातल्या शिवजयंतीचे चित्ररथ, एका थांब्यावर लागणाऱ्या दोन राज्यांच्या बसेस. अडचण उलटी आहे. इथे समाज दाखवायला निघालं की घोषणा आयत्या मिळतात आणि वही पत्रकांनी भरून जाते. म्हणून माझा आग्रह असा की माणूस काय बोलतो त्याआधी तो कसा हलतो ते चिकटवा.

वही स्वतः बांधा

तयार स्केचबुक घेऊ नका. कोलाजने प्रत्येक पान जाड होतं, शिवणीकडची जाडी मात्र तेवढीच राहते, आणि अर्ध्यावर पोचेपर्यंत वहीचा जबडा उघडाच राहतो. घरी बांधलेल्या वहीत यावर साधा उपाय करता येतो.

कार्ट्रिज पेपर, म्हणजे चित्रकलेचा जाडसर कागद घ्या, १३० ते १५० जीएसएम (चौरस मीटरला इतके ग्रॅम वजनाचा). त्याहून जाड कागद घडीवर फुटतो, पातळ असेल तर खळीने सुरकुततो. वहीचा आकार ए-४ ठेवायचा तर ए-३ आकाराचे बारा कागद मधोमध मोडायचे. चार-चार कागदांच्या तीन जुड्या होतील आणि ४८ पानं मिळतील. पहिल्या वहीला तेवढी पुरेत.

घडी घालण्याआधी कागदाचे तंतू कुठल्या दिशेने आहेत ते बघा. कागद न मोडता हलकेच दोन्ही बाजूंनी वाकवून पाहायचा. ज्या दिशेने तो सहज वाकतो, त्या वळणाच्या रेषेला समांतर तंतू असतात, आणि घडी तंतूंच्या दिशेनेच पडायला हवी. तयार कापलेल्या ए-३ कागदात तंतू बहुधा लांब बाजूने धावतात आणि आपण घडी नेमकी आडवी घालतो. मग पान ताठ उभं राहतं, खळ लागली की वेडंवाकडं होतं. म्हणून मोठा ताव घ्या आणि तपासून स्वतः कापा.

आता जाडीचा उपाय. त्याच कागदाच्या तीन सेंटिमीटर रुंद, पानाच्या उंचीएवढ्या पट्ट्या कापा, त्या उभ्या मधोमध मोडा आणि जुडीतल्या प्रत्येक दोन कागदांमध्ये एक पट्टी घाला. शिवल्यावर या पट्ट्या आत लपतात आणि शिवणीकडे जागा राखतात. पुढे पानांवर जे चढेल त्याची सोय आधीच झालेली असते.

शिवायला दाभण, जाड सुती दोरा आणि मेणबत्तीचा तुकडा लागतो. दोरा दोनतीन वेळा मेणावरून ओढून घेतला की गुंतत नाही. पाठीला मांजरपाटाची किंवा जुन्या सुती साडीची दहाबारा सेंटिमीटर रुंद पट्टी घ्या. प्रत्येक जुडीच्या घडीवर सारख्या अंतरावर पाच भोकं पाडा, कापडावर त्याच मापाने खुणा करा आणि जुडी कापडासकट शिवा. सुई मधल्या भोकातून आतून बाहेर काढायची, वरून दुसऱ्या भोकात घालायची, टोकाच्या भोकातून बाहेर काढून पुन्हा त्याच दुसऱ्या भोकात आणायची. मग आतल्या बाजूने मधलं भोक ओलांडून चौथ्यातून बाहेर, टोकाच्या भोकातून आत, पुन्हा चौथ्यातून बाहेर, आणि शेवटी मधल्या भोकातून आत. दोऱ्याची दोन्ही टोकं आतल्या लांब टाक्याच्या दोन बाजूंना घेऊन गाठ मारा. दोन जुड्यांमध्ये सेंटिमीटरभर फट राहू द्या. कापडाच्या उरलेल्या कडा पुठ्ठ्यांना चिकटवल्या की झालं. शहापुरातल्या साडीच्या दुकानांतून मिळणारी खोकी पुठ्ठ्यासाठी उत्तम, चांगली कडक असतात.

एवढा खटाटोप नको असेल तर लाल कापडी बांधणीचा हिशेबाचा चोपडा आणा आणि दर तिसरं पान शिवणीपासून दोन सेंटिमीटर सोडून कापून टाका. आखलेल्या ओळी राहतात, पण त्या वाईट दिसत नाहीत. उजवीकडच्या रकमेच्या रकान्यात पुढे मुद्रांचे, म्हणजे हालचालीतल्या एकेका क्षणाच्या चित्रांचे, क्रमांक टाकता येतात.

कागद गोळा करताना

रद्दीच्या दुकानापेक्षा छापखान्यात जा. छपाई जुळवताना वाया गेलेले ताव तिथे मिळतात. त्यांवर एकावर एक दोनतीन मजकूर छापलेले असतात, लग्नपत्रिकेवर बियाण्याची जाहिरात, तिच्यावर सभेचं पत्रक. कोलाजवाल्याने जन्मभर खटपट केली तरी असं जमणार नाही. बाकी बस आणि रेल्वेची तिकिटं, कुस्ती मैदानाची पत्रकं, कुंदा या मिठाईच्या डब्यावरचा कागद, विडीच्या बंडलावरची लेबलं, शाळेचे जुने नकाशे, कन्नड आणि मराठी वर्तमानपत्रं, दिवाळी अंक. यातलं सगळं ठेवू नका. मी चार पाकिटं करते: एकात फक्त हात, दुसऱ्यात पाय आणि चालणारी माणसं, तिसऱ्यात अक्षरं, चौथ्यात पोत, म्हणजे कापड, भिंत, ऊस, पाणी, खडी. चेहऱ्यांना पाकीट नाही. चेहरा हाताशी असला की माणूस आळशी होतो आणि भावना दाखवायला सरळ रडका चेहरा उचलतो.

तुकड्याच्या मागे पेन्सिलने तारीख आणि जागा लिहा. कागदावर नसलेलं वर्ष कधी कधी मजकूरच सांगतो. सरकारी कागदावर इंग्रजीत बेळगावचं नाव ‘Belgaum’ ऐवजी ‘Belagavi’ असेल तर तो १ नोव्हेंबर २०१४ नंतरचा, कारण नाव अधिकृतपणे त्या दिवशी बदललं. जुन्या तिकिटांची लावणी करताना हा धागा कामी येतो.

वर्तमानपत्राचा कागद थेट चिकटवू नका. त्यात लाकडातलं लिग्निन राहिलेलं असतं. उजेड आणि हवा लागली की तो पिवळा पडतो, मग ठिसूळ होतो. त्याची झेरॉक्स वापरा. झेरॉक्स किंवा लेझर प्रिंटची शाई कोरडी भुकटी असते, ती खळीने पसरत नाही. घरच्या इंकजेटची शाई बहुधा पसरते. घरातले जुने फोटोही झेरॉक्स काढूनच कापायचे. आजोबांच्या मूळ फोटोला कात्री लावण्यात कसलीही कला नाही.

लग्नपत्रिका आणि कॅलेंडरवरचे देव बाजूला ठेवा. आपल्याकडे असे कागद कचऱ्यात टाकत नाहीत, बरेच जण विसर्जन करतात. तुम्ही गणपतीचा हात कापून त्याला विडी दिलीत तर पुढची सगळी वही कुणी बघणार नाही, त्या एका पानावरच बोलणं होईल. ज्याला तेच हवं आहे त्याने करावं. हालचालीच्या वहीत त्याने काही मिळत नाही.

हालचाल पाहायला शिकणं

वहीचा खरा अभ्यास इथे आहे, म्हणून जरा थांबू.

चित्रपटात सेकंदाला २४ चौकटी जातात. हाताने काढलेल्या ॲनिमेशनमध्ये बऱ्याचदा एक चित्र दोन चौकटींना पुरवतात, म्हणजे सेकंदाला बारा चित्रं. वहीला बारासुद्धा लागत नाहीत. एका कृतीच्या पाचसहा मुद्रा अचूक निवडल्या तर मधलं काम डोळा करतो. अवघड काम आहे ते मुद्रा निवडण्याचं.

निपाणी भागातल्या विडी कामगार बाईंच्या हातांकडे बघा. भिजवलेलं तेंदूचं पान मापाने कापणं, त्यावर तंबाखू पसरणं, वळणं, टोक दुमडून बंद करणं, दोरा गुंडाळणं. मोबाइलवर व्हिडिओ घ्यायचा असेल तर आधी विचारा, आणि चेहरा नको, फक्त हात, असं सांगा. बहुतेक बायका हसून हो म्हणतात. घरी तो व्हिडिओ थांबवत थांबवत पाहा आणि ज्या ज्या क्षणी हाताची दिशा बदलते तिथलं चित्र धरा. दिशा बदलते ती मुख्य मुद्रा, दोन मुख्य मुद्रांमधलं सगळं ‘मधलं’. विडी वळताना बोटं किती वेळा दिशा बदलतात ते मोजून पाहा. हे काम हलकं आहे असं म्हणणाऱ्याने एकदा मोजावंच. १९८१ मध्ये तंबाखूच्या भावासाठी निपाणीत शेतकऱ्यांचं मोठं आंदोलन झालं, त्याचे फोटो आणि बातम्या जुन्या अंकांत सापडतात. गर्दीचा तो फोटो आणि ही बोटं समोरासमोरच्या पानांवर आली की वेगळी ओळ लिहायची गरज उरत नाही.

दुसरी गोष्ट अंतरांची. बेळगावच्या टिळकवाडीतल्या रेल्वे गेटचा दांडा वर जाताना बघा. सुरुवातीला हळू सुटतो, मध्ये वेग घेतो, शेवटी पुन्हा मंदावतो. हे कागदावर आणायचं तर दांड्याची सात चित्रं सारख्या अंतरावर ठेवून चालणार नाही. टोक बारा सेंटिमीटर सरकणार असेल तर त्याच्या जागा अशा काहीशा येतील : ०, ०.५, २, ६, १०, ११.५, १२. टोकांना गर्दी, मध्ये मोकळीक. आता हीच मापं मागावरच्या धोट्याला, म्हणजे आडवा धागा इकडून तिकडे नेणाऱ्या तुकड्याला, देऊन पाहा. धोटा झोपाळ्यासारखा डुलायला लागेल, कारण खरा धोटा झटक्याने सुटतो आणि पेटीवर आपटून थांबतो. त्याला अंतरं सारखीच हवीत आणि शेवटी एकदम थांबा. यंत्रमागाचा खडखडाट पानावर येतो तो या मापांमुळे. तिथे ‘खट खट’ अक्षरं चिकटवायचा मोह आवरा.

तिसरी गोष्ट चालण्याची. एका पावलाच्या चार मुद्रा पकडा: टाच टेकते ती, भार आला की शरीर किंचित खाली जातं ती, मागचा पाय पुढच्याला ओलांडतो ती, आणि चवड्यावर उचललं जातं ती. डोकं एका सरळ रेषेत ठेवलं की माणूस चालत नाही, घसरतो. पाकिटातले पाय वेगवेगळ्या माणसांचे आहेत हा इथे फायदाच आहे. टाच टेकणारा पाय पोलिसाच्या बुटाचा, मधला ऊसतोड करणाऱ्या माणसाचा अनवाणी, शेवटचा शाळकरी मुलीच्या चपलेचा. चाल एक आणि माणसं तीन. समाज दाखवायची याहून सोपी युक्ती मला ठाऊक नाही.

आणखी एक शिकवणी घाटाखाली आहे. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर कलावंत चित्रकथी करतात. सुट्या कागदांवरची चित्रं एकेक करून पुढे ठेवत गोष्ट गातात. तिथेच चामड्याच्या बाहुल्यांचा छायाखेळही आहे, आणि कर्नाटकात त्याच प्रकारचा तोगलु गोंबेयाट आहे. चित्रकथीत एक चित्र किती वेळ समोर राहणार हे गाणारा ठरवतो. तुमच्या वहीत ते पान उलटणारा ठरवेल. म्हणून महत्त्वाची मुद्रा उजव्या पानावर ठेवा आणि तिचा परिणाम पान उलटल्यावर दिसू द्या. डाव्या-उजव्या पानांवर दोन्ही एकदम दिसले तर गंमत तिथेच संपते.

पान हलवायच्या युक्त्या

प्रत्येक पानावर युक्ती नको. ४८ पानांत सातआठ पुरे, बाकी पानं स्वस्थ बसू द्या. मला कामाच्या वाटलेल्या या.

*बटर पेपरचे थर.* एकाच हाताच्या तीन मुद्रा तीन बटर पेपरवर काढायच्या आणि एकावर एक, फक्त शिवणीच्या बाजूने चिकटवायच्या. खालच्या मुद्रा फिक्या दिसतात. ॲनिमेशन करणारे मागचं चित्र दिसत राहावं म्हणून असाच कागद लावून पुढचं काढत आले आहेत.

*फिरती तबकडी.* पुठ्ठ्याची सातआठ सेंटिमीटरची चकती. एका बाजूला बसथांब्याचा रिकामा बाक, दुसऱ्या बाजूला बसलेली माणसं, पण उलटी, म्हणजे डोकं खाली. दोन कडांना दोरे बांधून पिळले की बाकावर माणसं दिसतात. वहीच्या मागच्या पुठ्ठ्याला पाकीट लावून त्यात ठेवा. पुण्या-मुंबईला कामाला गेलेल्यांची घरं, शाळा सुटलेलं अंगण, बंद पडलेला माग, असे बरेच विषय या चकतीत बसतात. असणं आणि नसणं यापलीकडे तिला काही सांगता येत नाही, तेही लक्षात ठेवा.

*पटपट उलटायची छोटी वही.* हिचं पेटंट १८६८ साली जॉन बार्न्स लिनेट या इंग्लिश मुद्रकाने घेतलं होतं. बरेच जण ती मोठ्या वहीच्या कोपऱ्यातच काढायला जातात. कोलाजच्या जाड पानांवर ते जमत नाही, अंगठ्याखालून पानं सुटतच नाहीत. वेगळे चाळीस कागद कापा, १० बाय ६ सेंटिमीटरचे, तंतू शिवणीला समांतर. एका बाजूला दोन स्टेपल मारा आणि हीही त्याच पाकिटात ठेवा. चाळीस पानं तीनचार सेकंदांत संपतात, म्हणून एकच कृती घ्या. दोरा गुंडाळणं घ्या, अख्खी विडी नको.

*रेघांची जाळी.* ही थोडी कष्टाची, पण बघणारे इथेच ओरडतात. कागदावर दोन-दोन मिलिमीटरचे उभे रकाने आखा. कृतीच्या चार मुद्रा ठरवा. १, ५, ९, १३ अशा रकान्यांत पहिल्या मुद्रेचा जेवढा भाग येतो तेवढाच काळा करा, २, ६, १०, १४ मध्ये दुसरीचा, आणि तसंच पुढे. मुद्रा बटर पेपरवर काढून खिडकीच्या काचेवर धरल्या की कुठला भाग कुठे येतो ते दिसतं. मग पारदर्शक ओएचपी शीटवर सहा मिलिमीटर काळा पट्टा, दोन मिलिमीटर फट, अशा रेघा छापून घ्या. ही शीट चित्रावरून आडवी सरकवली की चित्र चालतं. मोजमाप अर्ध्या मिलिमीटरनेही हुकलं तर सगळं गढूळ होतं, म्हणून टोकदार पेन्सिल आणि चांगली फूटपट्टी घ्या.

*लांब घडीचं पान.* शिवजयंतीच्या चित्ररथांवर जिवंत माणसं देखावा म्हणून उभी असतात. मावळा तलवार उगारून न हलता उभा राहतो आणि ट्रॉली पुढे सरकते. रस्त्याकडेला उभ्या असलेल्या आपल्यासमोरून प्रसंग एकामागून एक जातात, म्हणजे माणूस स्थिर आणि चौकट चालती. ॲनिमेशनच्या बरोबर उलट. हे पकडायला साठसत्तर सेंटिमीटरची पट्टी पंख्यासारखी दुमडून पानाला चिकटवा, तिच्यावर रथांची रांग लावा, आणि समोरच्या पानावर एक चौकोनी खिडकी कापा. पट्टी खिडकीमागून ओढायची. मावळा झालेल्या मुलाच्या मनगटावरचं घड्याळ, कंटाळून खाली आलेला तलवारीचा हात, ट्रॅक्टरच्या चालकाची जांभई, हे सगळं रथांच्या रांगेत येऊ द्या.

घोषणा, पाट्या आणि सीमा

इथल्या वहीत सीमाप्रश्न येणारच. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपासून १ नोव्हेंबरला एकाच शहरात कन्नड राज्योत्सवही होतो आणि मराठी भाषकांचा काळा दिनही. दोन्हींची पत्रकं, झेंडे, फलक कागदाच्या रूपात हाताशी येतात. ते चिकटवू नका असं मी म्हणत नाही. पण अख्खं पत्रक चिकटवलं तर पानावर बोलतो तो पत्रक छापणारा.

एक करून पाहा. दोन्ही बाजूंच्या पत्रकांच्या झेरॉक्स घ्या, मजकूर सगळा कापून टाका आणि फक्त उगारलेले हात ठेवा. मग त्या हातांची एका पूर्ण हालचालीत मांडणी करा: खाली, कोपरातून वाकलेला, खांद्याशी, डोक्यावर, पुन्हा खाली. कुठला हात कुठल्या पत्रकातला हे दहा पानांनंतर तुम्हालाच ओळखता येणार नाही. किंवा याच्या उलट करा: सगळं चित्र काढून टाका आणि अक्षरंच हलवा. कन्नड अक्षरांचे गोलावे आणि देवनागरीची शिरोरेषा यांचे तुकडे एकमेकांत घालत एका लिपीतून दुसरीत जाणारी सहा चित्रं करता येतात. पाटीवरचं अक्षर बदललं तरी दुकानदार तोच, ही गोष्ट त्यात आपसूक येते.

कागदाच्या तुकड्यांनी राजकारणावर बोलण्याची वाट जुनी आहे. १९१२ मध्ये पिकासो आणि ब्राक या चित्रकारांनी चित्रांत छापील कागद आणले आणि पहिल्या महायुद्धानंतर बर्लिनमध्ये हाना ह्योख ही कलावंत वर्तमानपत्रं कापून पुढाऱ्यांची आणि यंत्रांची मिश्रणं करत होती. तिच्याकडून एक गोष्ट उचलावी, ती प्रमाणाची. मोठं डोकं लहान धडावर बसवलं की लिहून टीका करावी लागत नाही.

स्वतःला कुठे ठेवायचं

सेल्फी चिकटवून आत्माविष्कार होत नाही. वहीच्या पहिल्या वीसेक पानांत स्वतःला येऊच देऊ नका. कुठे कापलं, काय उरवलं, कोणाचे हात पुन्हा पुन्हा घेतले, यातून तुम्ही तिथे आधीच असता. विसाव्या पानानंतर मागे जाऊन वही चाळा आणि कशाची गर्दी झाली आहे ते पाहा. एखाद्याच्या वहीत नुसती वाट पाहणारी माणसं निघतात, एखाद्याच्या वहीत दारं. तो तुमचा विषय. पुढची पानं त्यावर करा.

मग स्वतःचं शरीर आणा, पण तेही हालचालीतून. झेरॉक्सच्या काचेवर हात ठेवा आणि प्रकाशाची पट्टी सरकत असताना हात किंचित हलवा. बोटं ताणलेली, वितळलेली येतात. दुकानदाराला दोन रुपये जास्त द्या आणि डोळे बाजूला वळवा. दुसरं म्हणजे सही. आपल्याकडे एकच माणूस एका अर्जावर कन्नडमध्ये, दुसऱ्यावर मराठीत, बँकेत इंग्रजीत सही करतो. तुमच्या तिन्ही सह्या बटर पेपरवर घ्या आणि पेन कुठून सुरू होतं, कुठे उचललं जातं याच्या मुद्रा करा. तिसरं, घरातलं तुमचं नेहमीचं काम, भाकरी थापणं असो की गाडी पुसणं, विडीच्या हातांसारखंच मुद्रांमध्ये मोडा. ‘काय पसारा करूलालाईस?’ असं कुणी विचारलं की त्यांच्याच हातात मोबाइल द्या आणि व्हिडिओ काढून घ्या.

चिकटवणं आणि पाऊस

खळ घरीच करा. एक वाटी मैदा, पाच वाट्या पाणी, गुठळ्या मोडून मंद आचेवर पारदर्शक दिसेपर्यंत ढवळायचं. फ्रिजमध्ये दोनतीन दिवस टिकते, त्यापुढे आंबते. पुस्तकं बांधणारे कीड लागू नये म्हणून त्यात मोरचूद घालतात, पण ते विषारी आहे. मुलं हात लावणार असतील तर नकोच. फेविकॉल वापरायचा तर तीन भागाला एक भाग पाणी घाला. नुसता लावलात तर वाळल्यावर कडक होतो आणि पान उलटताना तडकतं. हलत्या भागांना, म्हणजे घडी आणि खिडकी यांना, खळच बरी.

ब्रश मधून कडेकडे फिरवा. खळ लावल्यावर तुकडा मिनिटभर तसाच ठेवा, तो फुगतो तेवढा फुगू द्या, मग चिकटवा, म्हणजे फोड येत नाहीत. वर कोरा कागद ठेवून तळहाताने दाबा. पानाच्या एका बाजूला मोठा तुकडा लावला की पान त्या बाजूला वळतं. मागच्या बाजूलाही तेवढाच कागद लावला की ताण सारखा होतो. हलणारे हातपाय जोडायला पितळी खिळे मिळतात, पण ते पुढच्या पानाला भोक पाडतात. दोन्ही बाजूंना गाठ मारलेला दोरा सपाट बसतो.

जून ते सप्टेंबर इथल्या हवेत, खानापूर-जांबोटीकडे तर जास्तच, कागद वाळतच नाही. वरून कोरडा दिसतो, आत ओल राहते आणि आठवड्यात बुरशीचे ठिपके. पावसाळ्यात रोज एकाच पानावर काम करा, दोन्ही बाजूंना प्लॅस्टिकचा कागद घाला, वर वजन ठेवा, आणि दुसऱ्या दिवशी प्लॅस्टिक काढून वही पंख्याखाली उभी उघडी ठेवा. मोठं चिकटवणं दिवाळीनंतर. पावसाचे महिने व्हिडिओ पाहून मुद्रा काढण्यात घालवा.

मोबाइलवर चालवून पाहणं

मुद्रा बरोबर आहेत का हे कॅमेरा लगेच सांगतो, म्हणून तुकडे चिकटवण्याआधी एकदा चालवून बघा. दोन स्टुलांवर फळी टाकून तिच्या कडेला मोबाइल चिकटपट्टीने पक्का करा, कॅमेरा खाली पाहणारा. खिडकीचा उजेड ढगांनी सारखा बदलतो आणि चित्र लुकलुकतं. खिडकी झाका आणि दोन बाजूंना दोन सारखे दिवे लावा. पडद्यावर बोट दाबून धरलं की बऱ्याच मोबाइलमध्ये फोकस आणि उजेड कुलूपबंद होतो. ते केल्याशिवाय सुरुवात करू नका. स्टॉप मोशन स्टुडिओसारखं ॲप घेतलं तर मागची चौकट फिकी दिसत राहते. सेकंदाला बारा चित्रं धरली तर दहा सेकंदांना १२० फोटो लागतात. तुकडा दर फोटोला दोन ते पाच मिलिमीटर हलवा. घाईची हालचाल असेल तर जास्त.

दादासाहेब फाळक्यांनी पहिला चित्रपट करण्याआधी, १९१२ च्या सुमारास, वाटाण्याचं रोप उगवतानाची चित्रं ठरावीक अंतराने टिपून चित्रफीत केली होती, पैसे लावणाऱ्यांना खात्री पटावी म्हणून. तुमच्याकडे रोपाऐवजी वही आहे. रोज काम संपलं की त्याच जागी, त्याच उजेडात उघड्या पानाचा एक फोटो घ्या. वही भरेपर्यंत वही कशी भरली याचीच चित्रफीत हातात येते.

एखादी कृती पूर्ण झाली की ती जिच्याकडून शिकलात तिला नेऊन दाखवा. विडीचं पान विडी वळणाऱ्या बाईंना, मागाचं पान विणकराला. ‘इथं अंगठा असा नाही येत’ असं त्या सांगतील. ती मुद्रा काढून दुसरी लावा, आणि काढलेली फेकू नका, मागच्या पाकिटात तारीख टाकून ठेवा. वही वापरात नसेल तेव्हा आडवी ठेवा, हलतं काम वरच्या बाजूला, कापडात गुंडाळून. प्लॅस्टिकच्या पिशवीत ओल कोंडते. कसर लागू नये म्हणून महिन्यातून एकदा सगळी पानं उघडून झटकायची, पावसाळ्यात दोनदा.